डूममधली फट: बुजवायची की सोडायची?

जून सरायला लागला की महाराष्ट्रातल्या दुचाकी गॅरेजांत त्याच तीन तक्रारी येऊ लागतात. हेडलाइटच्या काचेला आतून वाफ धरली आहे. मीटरचा डिस्प्ले पुसट दिसतो, मधूनच विझतो. हॉर्न किंवा इंडिकेटर स्वतःच्या मर्जीने चालतो. तिन्हींचा माग काढला तर तो बहुधा एकाच ठिकाणी जातो. हेडलाइट, मीटर आणि पुढचे वायरिंग ज्या प्लॅस्टिकच्या आडोशाला बसते, तिथे. कंपनीच्या पुस्तकात त्याला फ्रंट काउल किंवा फेअरिंग म्हणतात, गॅरेजात डूम. डूमच्या तुकड्यांमधल्या सांध्यांवर रबराची किंवा फोमची पट्टी असते. ती दबली, सुटली किंवा हरवली की फट दिसू लागते, आणि फट दिसली की हात सिलिकॉनच्या ट्यूबकडे जातो.

या फटींचे काय करावे हा प्रश्न वरवर पाहता दहा मिनिटांच्या कामाचा आहे. तरी त्यावर कंपनीचा अभियंता, रस्त्याकडेचा मिस्त्री, लांब पल्ल्याचा स्वार आणि ऑटो इलेक्ट्रिशियन या चौघांची चार मते असतात, आणि चौघांनाही अनुभवाचा आधार असतो. ती मते, त्यांच्यामागचे पदार्थविज्ञान आणि रबर-प्लॅस्टिकचे गुणधर्म शेजारी ठेवून इथे पाहिले आहेत. निघणारे सूत्र आधीच सांगून टाकतो: प्रत्येक फट दोष नसते, आणि जी असते तिचे कारण बहुतेक वेळा रबरापेक्षा रबराखालच्या सांगाड्यात सापडते.

आडोसा आला कुठून

मोटारसायकलला पुढून झाकण्याची कल्पना शर्यतीतून आली, वारा कापण्यासाठी. इटलीतल्या मांदेल्लो देल लारिओ इथे मोटो गुझ्झीने 1950 मध्ये स्वतःचा पवनबोगदा उभारला होता. पुढचे चाकसुद्धा झाकणाऱ्या फेअरिंगवर 1958 पासून शर्यतींत बंदी आली, कारण आडव्या वाऱ्यात गाडी हातात राहत नसे. पावसापासून बचाव हा हेतू नंतर, प्रवासी गाड्यांबरोबर पुढे आला. अमेरिकेत 1970 च्या दशकात क्रेग व्हेटर यांचे 'विंडजॅमर' फेअरिंग लोक वेगळे विकत घेऊन आपल्या गाडीवर चढवत. 1976 ची बीएमडब्ल्यू आर100आरएस ही पूर्ण फेअरिंग कारखान्यातूनच घेऊन आली. तिचा आकार पिनिनफारिनाच्या पवनबोगद्यात ठरला होता. होंडाच्या गोल्ड विंगला कंपनीचे फेअरिंग 1980 मध्ये, 'इंटरस्टेट' आवृत्तीत मिळाले.

आपल्याकडे तोवर बुलेट, राजदूत, येझदी यांचा हेडलाइट पत्र्याच्या गोल वाटीत बसे. सांधा एकच, काचेभोवतीचा, आणि वाटीत वायरी व बल्ब सोडून फारसे काही नसे. पाणी गेले तर फडक्याने पुसायचे आणि किक मारायची. 2003 ची हिरो होंडा करिझ्मा, 2007 ची पल्सर 220, 2008 ची यामाहा आर15 अशा गाड्यांनी फेअरिंग सामान्य ग्राहकाच्या दारात आणले. मग दुसरा बदल झाला, जो दिसायला लहान पण परिणामाने मोठा होता. एप्रिल 2017 पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन चालू असेपर्यंत सतत जळू लागला. एप्रिल 2020 पासून बीएस-6 आले आणि बहुतेक मोटारसायकलींवरून कार्ब्युरेटर जाऊन इंधन इंजेक्शन आले. सेन्सर वाढले, कपलर वाढले, मीटर म्हणजे एक छोटा संगणकच झाला.

म्हणजे पाऊस तोच राहिला, पण त्याच पाण्याच्या थेंबाने होणारे नुकसान कितीतरी वाढले. बुलेटच्या वाटीत चमचाभर पाणी ही कुरकुर होती. आज तेच पाणी मीटरच्या सर्किटवर गेले तर अख्खे मीटर बदलावे लागते. फटीचा प्रश्न गंभीर झाला तो यामुळे.

पाणी आत येते कसे

पाणी चार वाटांनी आत शिरते. प्रत्येक वाटेचा उपाय वेगळा असल्यामुळे त्या वेगळ्या ओळखायला हव्यात.

पहिली वाट सरळ माऱ्याची. पावसाचा मोठा थेंब सेकंदाला जास्तीत जास्त नऊ मीटरच्या आसपास वेगाने पडतो, मध्यम थेंब सहा-सात मीटरने. ताशी 60 किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला 16.7 मीटर पुढे सरकते. म्हणजे स्वाराच्या दृष्टीने पाऊस वरून पडत नाही, समोरून येतो. उभ्या गाडीवर बादलीभर पाणी ओतून 'गळत नाही' म्हणणे म्हणूनच अपुरे ठरते.

दुसरी वाट वाऱ्याच्या दाबाची. ताशी 40 किलोमीटरला डूमच्या नाकावर येणारा दाब पाण्याच्या जेमतेम पाऊण सेंटिमीटर उंचीएवढा असतो. 80 ला तो तीन सेंटिमीटर होतो आणि 100 ला साडेचारच्या पुढे जातो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट. याचा व्यवहारातला अर्थ असा की ताम्हिणी घाटात तीन तास भिजूनही कोरडी राहिलेली गाडी पुणे-सातारा महामार्गावर अर्ध्या तासात गळू शकते. सांध्यामागची कड दोन सेंटिमीटर उंच असेल, तर घाटातला दाब तिच्यावरून पाणी चढवू शकत नाही, महामार्गावरचा चढवतो. गळतीची तक्रार आली की पहिला प्रश्न 'किती पावसात' हा नसून 'किती वेगाला' हा असावा.

तिसरी वाट केशाकर्षणाची, आणि इथेच बहुतेक घरगुती उपाय फसतात. दोन ओलसर पृष्ठभागांमध्ये एक मिलिमीटरची फट असेल तर पाणी तिच्यात स्वतःहून दीड सेंटिमीटरपर्यंत वर चढू शकते. अर्ध्या मिलिमीटरची असेल तर जवळजवळ तीन सेंटिमीटर. नव्या कोऱ्या प्लॅस्टिकला पाणी नीट धरत नाही, त्यामुळे तिथे चढण कमी असते. पण धुळीचा पातळ थर बसलेले प्लॅस्टिक छान ओले होते, आणि आपल्या रस्त्यांवर धुळीची कमतरता नाही. तीन-चार मिलिमीटरच्या उघड्या फटीतून आलेले पाणी ओघळून खाली जाते. तीच फट अर्धवट बुजवून केसाएवढी केली की ती पाणी ओढते आणि धरून ठेवते. अर्धवट बुजवलेली फट उघड्या फटीपेक्षा वाईट, ही गोष्ट मिस्त्रीला अनुभवाने माहीत असते, गाडीमालकाला पटवताना मात्र नाकी नऊ येतात.

चौथी वाट श्वासाची. हेडलाइटच्या आतली हवा बल्बने तापते. ती पूर्ण बंद पोकळी आहे असे धरू. आत 60 अंश असताना वरून पावसाचे गार पाणी पडले आणि हवा 25 अंशांवर आली, तर आतला दाब सुमारे दहा टक्क्यांनी घटतो. हा ओढा एक मीटर उंच पाण्याच्या स्तंभाएवढा आहे, म्हणजे महामार्गावरच्या वाऱ्याच्या वीसपट. अशा वेळी सुईएवढे छिद्रही पुरते. म्हणूनच हेडलाइटला मुद्दाम श्वासनळी ठेवलेली असते. वाकडी रबरी नळी, किंवा हवा जाऊ देणारी पण पाणी अडवणारी पातळ चकती. अशा चकत्यांचा पदार्थ, ताणलेले पीटीएफई, बॉब गोर यांनी 1969 मध्ये शोधला. रेनकोटमध्ये जो पडदा असतो त्याच्याच कुळातला हा.

या चारही वाटा लक्षात घेतल्या की कंपनीचा अभियंता डूम पूर्ण बंद का करत नाही ते कळते. त्याची रचना कोकणातल्या कौलारू छपरासारखी असते. कौलांमध्ये कुठेही डांबर भरलेले नसते, एक कौल दुसऱ्यावर चढलेले असते आणि पाण्याला उतार दिलेला असतो. डूमचा वरचा तुकडा खालच्यावर चढतो, आत एक उभी कड असते, कडेमागे पन्हळ आणि पन्हळीच्या तळाला छिद्र. रबराची पट्टी या साखळीतली एक कडी आहे. वाऱ्याचा दाब तोडणे, प्लॅस्टिकचा खडखडाट थांबवणे आणि रेडिएटर असलेल्या गाडीत हवा योग्य वाटेने नेणे ही तिची कामे. पाणी शंभर टक्के अडवण्याची जबाबदारी तिच्यावर कधीच टाकलेली नसते.

रबर का हरते

तरीही रबर म्हातारे होते. मोटारसायकलच्या बाहेरच्या सीलसाठी सर्वांत प्रचलित पदार्थ ईपीडीएम. ऊन, पाणी, हवेतला ओझोन यांना ते उत्तम तोंड देते, पण पेट्रोल, ऑइल, ग्रीस लागले की फुगते आणि मऊ पडते. ऑइल सीलसाठी वापरतात ते नायट्राइल रबर नेमके उलटे: तेलाला खंबीर, उन्हापावसाला दुबळे. यावरून दोन सवयी मोडायला हव्यात. डूमचे रबर 'मऊ राहावे' म्हणून त्याला साधे ग्रीस किंवा इंजिन ऑइल चोळणे ही पहिली. पाहिजेच असेल तर सिलिकॉन ग्रीस, तेही बोटावर येईल एवढेच. दुसरी सवय म्हणजे कुठलीही काळी पट्टी 'रबरच ना' म्हणून लावणे.

फोमच्या पट्टीचा आजार वेगळा. ती दाबलेल्या अवस्थेत वर्षानुवर्षे राहते आणि हळूहळू परत फुगायचे विसरते. प्रयोगशाळेत याची परीक्षा ठरलेली आहे: तुकडा बहुधा पाव जाडीने दाबायचा, तापमान वाढवून 22 किंवा 70 तास ठेवायचा, आणि सोडल्यावर कितपत परत येतो ते मोजायचे. गाडीवर हीच परीक्षा दर मे महिन्यात होते. उन्हात उभा काळा डूम साठ अंशांच्या पुढे तापतो, मग पहिल्या वळवात एकदम थंड पडतो. डूमसाठी वापरतात ते एबीएस प्लॅस्टिक पोलादाच्या सहा-सात पट जास्त प्रसरण पावते. चाळीस सेंटिमीटर लांबीचा डूम चाळीस अंशांच्या फरकाने मिलिमीटरभर, थोडा जास्तच, लांबतो आणि आखडतो. त्याच्या मागचा लोखंडी स्टे जवळजवळ जागच्या जागी राहतो. म्हणून स्क्रूची छिद्रे स्क्रूपेक्षा मोठी ठेवलेली असतात, त्यांत रबरी बुश आणि धातूची नळी असते. ती नळी हरवली आणि स्क्रू थेट प्लॅस्टिकवर आवळला की प्लॅस्टिकला सरकायला जागा उरत नाही. मग ते फुगते किंवा कानापाशी चिरते. फट तिथून सुरू होते, आणि दोष मात्र रबराच्या माथी जातो.

निदान आधी, ट्यूब नंतर

फटीचा आकार बरेच काही सांगतो. डावीकडे रुंद आणि उजवीकडे अरुंद अशी तिरपी फट असेल तर गाडी कधीतरी पडलेली आहे आणि डूमचा स्टे वाकला आहे. इथे रबर बदलून काही होणार नाही. एकाच कोपऱ्यात फट असेल तर तिथली क्लिप, स्पीड नट किंवा प्लॅस्टिकचा कान तुटला आहे. सगळीकडे सारखी, बारीक फट असेल तेव्हाच रबर किंवा फोम दबला असे म्हणावे. आणि दोन्ही बाजूंना तंतोतंत सारखी, स्वच्छ कडांची, कुठलेही रबर कधीच नसलेली फट दिसली, तर ती हवेसाठी किंवा निचऱ्यासाठी ठेवलेली असण्याचा संभव मोठा. शंका असेल तर शोरूममधल्या त्याच मॉडेलच्या नव्या गाडीपाशी जाऊन पाहावे. यासारखा स्वस्त संदर्भग्रंथ नाही.

त्यापुढच्या चाचण्याही घरातल्याच आहेत. दहाची नोट सांध्यात धरून डूम बसवावा आणि नोट ओढून पाहावी: जिथे ती अलगद निघते तिथे रबर टेकत नाही. सांध्याच्या एका कडेला खडूची पूड लावून डूम बसवला आणि काढला की दुसऱ्या कडेवर उमटलेला ठसा कुठे तुटतो ते दिसते. अंधारात आत टॉर्च लावला तर मोठ्या फटी उजेडाने सापडतात. पाण्याची चाचणी शेवटी करावी, आणि ती खालून वर जात करावी. आधी खालचा सांधा भिजवायचा, पाच मिनिटे थांबून आत पाहायचे, मग त्यावरचा. वरून सुरुवात केली तर ओघळ सगळीकडे पोहोचतो आणि चोर सापडत नाही. पाणी साध्या नळीचे, प्रेशर न देता.

एक गोष्ट मात्र सगळ्यांच्या आधी. पुढच्या मडगार्डमागून उडणारे पाणी खालून वर येते, पुढच्या ट्रकने उडवलेली चिखलाची फवारणीही तशीच. डूमच्या खालच्या तोंडाला असलेले रबरी झाकण किंवा मडफ्लॅप गेलेला असेल, तर वरच्या सांध्यांवर घातलेले सगळे कष्ट वाया जातात.

चार संप्रदाय

पहिला संप्रदाय भरण्याचा. रस्त्याकडेच्या गॅरेजात ज्याला सरसकट 'अॅनाबॉन्ड' म्हणतात ती सिलिकॉनची ट्यूब हे त्याचे मुख्य शस्त्र, एम-सील हे दुसरे. सिलिकॉन लवचीक राहते, उष्णता सोसते, आणि हवेतल्या दमटपणावर पिकत असल्याने पावसाळ्यात त्याची अडचण नसते. जाड थर मात्र बाहेरून आत दिवसाला दोन-तीन मिलिमीटरच पिकतो, तेव्हा संध्याकाळी मारून रात्री पावसात न्यायची घाई नको. त्याच्या दोन खोडी लक्षात ठेवाव्यात. शिरक्याचा वास येणारे सिलिकॉन पिकताना आम्ल सोडते, आणि ते तांब्याच्या टर्मिनलला खाते. कपलरजवळ न्यूट्रल प्रकारच हवा. दुसरी, सिलिकॉन लागलेल्या जागेवर नंतर दुसरे काहीच नीट चिकटत नाही, रंगही नाही. पुढच्या वेळी डूम उघडणाऱ्या माणसाला तो सांधा कापावा लागतो आणि कापताना कान तुटतात. एम-सील तर दगड होते. मिलिमीटरभर हलणाऱ्या सांध्यात ते घालणे म्हणजे चीर कुठे पडावी याची जागा नक्की करून देणे. तुटलेल्या कानाला आधार द्यायला ते ठीक, फट बुजवायला नाही.

दुसरा संप्रदाय चिकटपट्टीचा, लांब पल्ल्याच्या स्वारांचा लाडका. फोमची पट्टी घ्यायची, सांध्यात बसवायची, डूम आवळायचा. याचा सर्वांत मोठा गुण म्हणजे काम मागे फिरवता येते: पट्टी काढली की गाडी जशी होती तशी. यश मात्र फोमच्या जातीवर ठरते. सोफ्यातला किंवा पॅकिंगचा उघड्या छिद्रांचा फोम पाणी शोषून घेतो आणि सप्टेंबरपर्यंत ओले फडके बनून वायरींना टेकून राहतो. बंद छिद्रांचा ईपीडीएम किंवा निओप्रीन फोमच हवा. तपासायला तुकडा पाण्यात बुडवून दाबावा आणि सोडावा. जड झाला तर तो कामाचा नाही. जाडी फटीच्या दीडपटीच्या आत ठेवावी, म्हणजे तो पाव ते तिसरा हिस्सा दबतो. फार जाड फोम डूमलाच बाहेर ढकलतो आणि शेजारी नवी फट उघडतो.

दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या अॅक्रिलिक फोम टेपचा, म्हणजे 3एमच्या व्हीएचबी जातीचा, उपयोग सुटलेली पट्टी पुन्हा बसवायला होतो. जागा आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाण्याच्या मिश्रणाने पुसावी, पेट्रोलने कधीच नाही. जोर देऊन दाबावे आणि तीन दिवस पाण्यापासून दूर ठेवावे, कारण पूर्ण पकड यायला 72 तास लागतात. चिकटवण्याआधी तुकड्याच्या मागच्या बाजूची रोमन अक्षरांतली खूण वाचावी. एबीएस असेल तर टेप धरते. पीपी, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन असेल, जे आतल्या झाकणांत आणि मडफ्लॅपमध्ये सर्रास असते, तर प्रायमरशिवाय जवळपास काहीच चिकटत नाही. 'टेपच भिकार निघाली' या तक्रारीतल्या कितीतरी टेपा निर्दोष असतात.

तिसरा संप्रदाय मूळ भागाचा: जे गेले ते कंपनीचेच आणा. तत्त्वतः हा सर्वांत बरोबर. अडचण अशी की बिडिंग, ग्रोमेट, बुश वेगळे मिळतात, पण डूमच्या आतल्या फोमच्या पट्ट्या अनेकदा स्वतंत्र विकल्या जात नाहीत, अख्खा डूम घ्यावा लागतो. म्हणून पार्ट्स कॅटलॉगमधले सुटे करून दाखवलेले चित्र आधी पाहावे. त्यातच कळते की आपल्या गाडीतला कुठला वायसर, कुठली नळी गेल्या सर्व्हिसिंगला परत बसलीच नाही. नवे बिडिंग बसवताना ते ओढून लावू नये. ताणलेले रबर महिन्याभरात आखडते आणि टोकाला बोटभर फट सोडते. शिवाय ओझोनच्या चिरा ताणलेल्या रबरालाच आधी पडतात. उलट थोडे रेटत, टोकाला दोन-चार मिलिमीटर जास्त ठेवत बसवावे. दोन टोके जोडायला फेव्हिक्विकसारखा सायनोअॅक्रिलेट चालतो, तुकड्यांतून ओ-रिंग करताना तोच वापरतात. पण थेंबच, कारण तो प्लॅस्टिकवर पांढरा डाग धरतो आणि कडक होतो.

चौथा संप्रदाय जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियन लोकांचा, आणि तो फटीकडे ढुंकूनही पाहत नाही. त्यांचे म्हणणे असे: पाणी येणारच, जिथे ते नुकसान करते ती जागा वाचवा. कपलरचे तोंड खाली करा. वायर कपलरमध्ये शिरण्याआधी खाली एक झोळ ठेवा, म्हणजे ओघळ झोळाच्या तळाशी टपकेल, कपलरपर्यंत जाणार नाही. कपलरच्या मागची रबरी सील जागेवर आहे का पाहा, पिनांना डायइलेक्ट्रिक ग्रीस द्या, हिरवी बुरशी धरलेली पिन घासून साफ करा. अलिबाग ते वेंगुर्ला पट्ट्यात, जिथे खाऱ्या हवेने पाऊस नसतानाही पिना गंजतात, तिथे हा उपाय फटीपेक्षा आधी करायला हवा. या संप्रदायाने नाकारलेली एक लोकप्रिय युक्ती म्हणजे मीटरवर किंवा कपलरवर प्लॅस्टिकची पिशवी बांधणे. उभ्या गाडीला रात्रभरासाठी ती ठीक. चालत्या गाडीवर पिशवी आतली वाफ कोंडून ठेवते आणि पिना आतून भिजतात.

या चौघांत भांडण आहे असे वाटते, ते प्रत्येकाला वेगळी गाडी समोर दिसत असल्यामुळे. मिस्त्रीकडे रात्री आठला भिजलेली, उद्या सकाळी कामावर लागणारी गाडी येते. स्वाराला लडाखच्या आधी महिनाभर असतो. कंपनीच्या कागदावरची गाडी कधी पडलेली नसते. इलेक्ट्रिशियनकडे तर गाडी पाणी आत जाऊन गेल्यावरच येते. प्रत्येकाचा उपाय त्याच्या वेळापत्रकाला आणि त्याने पाहिलेल्या गाडीला साजेसा आहे.

हेडलाइटची वाफ

हेडलाइटचा विचार वेगळा करावा लागतो, कारण तिथे गळती नसतानाही वाफ दिसते. हिशेब सोपा आहे. पोकळी दोन लिटरची धरली, हवा 30 अंशांची आणि पूर्ण दमट धरली, तर ती 20 अंशांवर येताना ग्रॅमच्या तीन शतांश एवढेच पाणी सोडते. एवढ्याने काच पांढुरकी होते, पण ओघळ येत नाहीत. बल्ब लागल्यावर ती वाफ विरायला हवी. याउलट तळाशी चमचाभर पाणी साचले असेल, तर ते हवेतून आलेले असणे शक्य नाही. ते बाहेरून शिरलेले पाणी आहे.

वाफ विरायला आता पूर्वीपेक्षा वेळ लागतो, यात घाबरण्यासारखे काही नाही. 35 वॅटचा हॅलोजन काच चांगली तापवतो. एलईडीची उष्णता मागे, हीटसिंकमध्ये जाते आणि काच थंडच राहते. अशा दिव्यात दुपारपर्यंत धूसरपणा राहिला म्हणून तो उकलायला घेऊ नये. आधी श्वासनळी तपासावी. कुंभारीण माशी मातीचे घर बांधायला अशीच भोके शोधते, आणि एका मातीच्या गोळ्याने श्वास बंद झाला की दिवा दुसऱ्या कुठल्यातरी सांध्यातून पाणी ओढू लागतो. मागचे बल्बचे रबरी झाकण दुसरी संशयित जागा. बल्ब बदलताना ते उलटे किंवा अर्धे बसते. त्यावर बाणाची खूण असेल तर बाण वर हवा.

काच आणि बॉडीमधला सांधाच फुटला असेल तर जुना ब्यूटिल काढून नवा भरण्याचे काम जाणत्याकडे द्यावे. ब्यूटिल कधी कडक होत नाही, म्हणून तो इथे सिलिकॉनपेक्षा सरस. दिवा भट्टीत तापवून उघडण्याच्या युक्तीत धोका असा की ब्यूटिल शंभर अंशांच्या आसपास मऊ होतो आणि एबीएसही तिथेच नरम पडू लागते. चुकीला जागा फार थोडी. पॉलिकार्बोनेटच्या काचेला पेट्रोल, थिनर, ब्रेक ऑइल किंवा स्क्रूला लावायचे थ्रेडलॉकर लागले तर लगेच काही दिसत नाही, नंतर तिथे जाळीदार चिरा उमटतात.

वॉशिंग सेंटरचा पाऊस

खऱ्या पावसापेक्षा जास्त पाणी आत जाते ते धुलाईत. आयपी क्रमांकांकडे पाहिले तर फरक कळतो. आयपी-67 मधला 7 म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. तो आकडा ऐकून गाडी 'वॉटरप्रूफ' वाटते. पण स्थिर पाण्याची परीक्षा पास झालेली वस्तू फवाऱ्याची पास होईलच असे नाही. त्यासाठी 5, 6 आणि 9के अशा वेगळ्या परीक्षा आहेत. 9केमध्ये 80 ते 100 बार दाबाचे गरम पाणी दहा-पंधरा सेंटिमीटरवरून मारतात. बाजारातल्या अनेक प्रेशर वॉशरचा दाब नोझलपाशी याच घरात जातो. महामार्गावरचा वारा साडेचार-पाच सेंटिमीटर पाण्याएवढा दाब देतो हे आठवले, तर मीटरच्या कडेला नोझल टेकवणे म्हणजे काय ते सांगायला नको. शिवाय हा आयपी क्रमांक मीटर, कपलर, सेन्सर अशा एकेका भागाचा असतो. अख्ख्या डूमला तो नसतो, कारण डूम मुळातच उघडा आहे. धुताना इंजिन गरम असेल तर चौथी, श्वासाची वाट आपण स्वतःच उघडून देतो.

क्रम हाच उपाय

या साऱ्यातून जो क्रम निघतो तो असा. निचऱ्याची छिद्रे आणि श्वासनळ्या मोकळ्या करणे पहिले, कारण त्याला पैसा लागत नाही आणि अर्ध्या तक्रारी तिथेच मिटू शकतात. मग सांगाडा: स्टे सरळ, बुश आणि नळ्या जागेवर, तुटलेले कान सोल्डरिंगने जाळी बसवून किंवा, एबीएस असेल तर, त्याच प्लॅस्टिकच्या अॅसिटोनमध्ये विरघळवलेल्या लगद्याने जोडलेले. स्क्रू सगळे हाताने लावून मग फिरत्या क्रमाने आवळावेत, एका बाजूने आवळत जाऊ नये. तिसऱ्या पायरीवर कपलर. फट उरलीच तर ती चौथ्यावर, आणि तिथेही आधी मूळ रबर, ते नसेल तर बंद छिद्रांचा फोम. सिलिकॉन सर्वांत शेवटी, वरच्या आणि बाजूच्या सांध्यांपुरते. तळाचा सांधा कधीही बंद करू नये. वरून काही ना काही येतच राहणार, आणि खालचे दार बंद असेल तर त्या पाण्याचा डूममध्ये हौद होतो.

या क्रमावर एक आक्षेप रास्त आहे. रोज पार्सल पोहोचवणाऱ्या माणसाला निदानासाठी गाडी दिवसभर उभी करणे परवडत नाही. त्याला आज रात्रीपुरते काम हवे असते. त्यालाही एक तडजोड देता येते: फटीवर बाहेरून इन्सुलेशन टेप किंवा बंद फोमची पट्टी लावावी, आणि सिलिकॉन टाळावे. पावसाळा संपल्यावर टेप निघते, सिलिकॉन निघत नाही. तात्पुरते काम तात्पुरतेच राहील अशा पदार्थाने करणे हे यातले शहाणपण.

दुरुस्तीच्या या सगळ्या खटाटोपाची योग्य वेळ मात्र जून नव्हे, मे आहे. प्लॅस्टिक तेव्हा कोरडे असते, टेपला पकडायला उष्णता मिळते, चुकलेली पट्टी काढून परत लावायला सवड असते. मेच्या शेवटी डूम एकदा उतरवून छिद्रे, बुश आणि कपलर पाहणाऱ्या माणसाला जुलैत फटीकडे पाहण्याची वेळ सहसा येत नाही. आणि आलीच, तर कुठली फट पूर्वीपासून होती आणि कुठली नवी, हे त्याला कोणाला विचारावे लागत नाही.